रात्री पोटात काही गेले नाही, तरी सकाळी साखर का वाढते? स्वादुपिंडाच्या दोन संप्रेरकांविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ५२, वजन साधारण ६२ किलो. तीन वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. रात्री साडेसातला एक भाकरी, भाजी, आमटी एवढेच जेवतो. झोपताना साखर १३२ होती, सकाळी उठल्यावर १५४ भरली. मधल्या वेळेत पाण्याशिवाय काही घेतले नाही. मग ही साखर आली कुठून? रात्री स्वादुपिंड काम करत नाही का?"

ही साखर आपल्याच यकृताने रक्तात सोडलेली आहे. निरोगी माणसाचे यकृतही रोज रात्री साखर सोडते आणि ते त्याला सोडावेच लागते. फरक असतो तो किती सोडायची याच्या मोजमापात. हे मोजमाप स्वादुपिंडाच्या हातात असते. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की स्वादुपिंड रात्रीही काम करते, आणि त्याचे रात्रीचे काम जेवणानंतरच्या कामापेक्षा अधिक नाजूक आहे. "इन्सुलिन साखर कमी करते" एवढ्यावर बहुतेक माहिती थांबते, त्यामुळे सकाळचा आकडा वाढला की रुग्ण रात्रीचे जेवण आणखी तोडतात, काही जण ते पूर्ण बंद करतात, आणि तरीही आकडा हलला नाही की स्वतःला दोष देत बसतात. हा दोष त्यांचा नसतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी साखर ९०-१०० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला जवळजवळ तेवढेच ग्लुकोज वापरतो आणि झोपेतही त्याची गरज फारशी घटत नाही. तांबड्या रक्तपेशींना तर ग्लुकोजखेरीज दुसरे इंधन चालतच नाही. यकृताने पुरवठा केला नाही, तर झोप लागल्यावर थोड्याच वेळात माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून यकृत दर मिनिटाला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत राहते. आपल्या वजनाला हे तासाला सात-साडेसात ग्रॅम आणि आठ तासांत साठ ग्रॅमच्या आसपास होते. यातला काही भाग यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे ग्लुकोजच्या साठ्यातून, येतो आणि उरलेला भाग यकृत लॅक्टेट, प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि चरबीतील ग्लिसरॉल यांपासून नव्याने तयार करते.

आता आपली १३२ वरून १५४ ही वाढ पाहा. ग्लुकोज रक्ताबाहेरच्या शरीरद्रवातही पसरते हे धरले, तरी एवढ्या वाढीला ढोबळ मानाने तीन ग्रॅम जादा साखर पुरते. साठ ग्रॅमच्या उलाढालीत आठ तासांत तीन ग्रॅमची चूक, एवढाच हा प्रकार आहे. निरोगी शरीरात तीही होत नाही, यावरून हे नियंत्रण किती बारकाईने चालते याची कल्पना यावी.

हे नियंत्रण करणाऱ्या पेशी स्वादुपिंडात विखुरलेल्या असतात. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते, लांबी साधारण पंधरा सेंटीमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले आणि शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचलेले. त्याचा बहुतेक भाग पाचक रस तयार करतो. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या ऊतकात मधूनमधून दिसणाऱ्या वेगळ्या पेशीपुंजांचे वर्णन केले, परंतु त्यांचे काम काय हे त्याला सांगता आले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला मधुमेह झाला, तेव्हा या अवयवाचा साखरेशी असलेला संबंध सिद्ध झाला. लांगरहान्सची बेटे म्हणून ओळखले जाणारे हे पुंज सुमारे दहा लाख असतात. सगळे मिळून त्यांचे वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरते, पण स्वादुपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दहावा किंवा त्याहूनही मोठा हिस्सा त्यांच्या वाट्याला येतो. ज्याला रक्तातील साखर सतत पाहायची आहे, त्याला रक्त भरपूर लागणारच.

प्रत्येक बेटात अनेक प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन तयार करतात. माणसाच्या बेटांमध्ये या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एकीचा स्राव शेजारच्या पेशीला थेट जाऊन लागतो. हा शेजार पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

बीटा पेशी साखर मोजते कशी, ते आधी सांगतो. या पेशीला रक्तातील ग्लुकोज पाहणारा वेगळा डोळा नाही. ती ग्लुकोज आत घेते आणि जाळते. जितके जाळले जाईल, तितके तिचे मोजमाप. ग्लुकोज आत आल्यावर ग्लुकोकायनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यावर पहिली क्रिया करते, आणि या विकराचा वेग नेमका आपल्या नेहमीच्या रक्तशर्करेच्या टप्प्यात, साखरेप्रमाणे वरखाली होतो. ज्वलनातून एटीपी हा ऊर्जारेणू तयार होतो. एटीपी वाढला की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, आवरणावरील विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या आवरणाला भिडून रिकाम्या होतात. साखर ९० च्या आसपास आली की ही साखळी जोर धरू लागते. यातील प्रत्येक कडीचा पुरावा रुग्णांमध्ये मिळतो. ग्लुकोकायनेजच्या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत साखर जन्मापासून थोडी वरच्या पातळीवर स्थिर असते आणि आयुष्यभर फारशी बिघडत नाही, कारण तिथे मोजण्याची यंत्रणा शाबूत असते, फक्त तिची खूण वर सरकलेली असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्याच पोटॅशियमच्या वाहिन्या बंद करतात. ग्लुकोज असो वा नसो, त्या वाहिन्या बंद करतात. म्हणून या गोळ्या घेऊन जेवण चुकवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

जेवणानंतर इन्सुलिन दोन टप्प्यांत येते. तयार पिशव्यांतील इन्सुलिनची पहिली लाट काही मिनिटांत येऊन जाते, आणि नंतर साखर उतरेपर्यंत दुसरी संथ लाट चालू राहते. टाइप २ मधुमेहात ही पहिली लाट फार लवकर, निदानाच्याही आधी, हरवते. मात्र दिवसभरात स्रवणाऱ्या इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मे जेवणाशी संबंधित नसते. ते रात्रंदिवस, दर काही मिनिटांनी छोट्या ठोक्यांनी स्रवत राहते, आणि आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो याच इन्सुलिनचा.

कारण हे इन्सुलिन प्रथम जाते ते यकृताकडे. स्वादुपिंडातील रक्त थेट हृदयाकडे न जाता प्रतिहारी शिरेतून यकृतात शिरते. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेताला जसे पाणी आधी आणि भरपूर मिळते आणि टोकाच्या शेताला उरलेले, तसे यकृताला इन्सुलिन उरलेल्या शरीराच्या दोन-तीन पट तीव्रतेने मिळते. त्यातले सुमारे अर्धे यकृत पहिल्याच फेरीत वापरून नष्ट करते. स्नायू आणि चरबी यांना साखर आत घेण्यासाठी पुष्कळ इन्सुलिन लागते, पण यकृताचा साखरपुरवठा आवरायला थोडेसेही पुरते. रात्रीचे ते मंद इन्सुलिन याच कामासाठी असते. दंडात किंवा पोटाच्या कातडीखाली टोचलेले इन्सुलिन या मार्गाने जात नाही, ते आधी सर्व शरीरात पसरते, आणि म्हणून इंजेक्शनने निसर्गाची हुबेहूब नक्कल करणे इतके कठीण जाते.

आता दुसऱ्या संप्रेरकाकडे येतो, ज्याच्याविषयी रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. १९२१-२२ मध्ये टोरांटोला बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या कामातून इन्सुलिन हाती आले. स्वादुपिंडाचे सुरुवातीचे अर्क टोचल्यावर साखर उतरण्यापूर्वी थोडा वेळ उलट वाढताना दिसे. १९२३ मध्ये किंबॉल आणि मर्लिन यांनी ही वाढ घडवणारा वेगळा पदार्थ त्या अर्कात असल्याचे दाखवले आणि त्याला ग्लुकॅगॉन असे नाव दिले. हे संप्रेरक यकृतावरच मुख्यत्वे काम करते: साठवलेले ग्लायकोजेन फोडायला लावते आणि नवे ग्लुकोज तयार करण्याची गती वाढवते. म्हणजे यकृताच्या दाराशी एकाच शिरेतून दोन परस्परविरोधी आज्ञा सतत पोहोचत असतात, आणि यकृत त्या दोहोंच्या प्रमाणाकडे पाहून साखर सोडते. एकट्या इन्सुलिनचा आकडा पाहून यकृत काय करील हे सांगता येत नाही.

निरोगी माणसाने भात खाल्ला की इन्सुलिन वाढते आणि ग्लुकॅगॉन घटते, यकृत जवळजवळ थांबते. फक्त प्रथिने खाल्ली, म्हणजे अंडी किंवा मासे, तर दोन्ही वाढतात. यात मोठे शहाणपण आहे, कारण अमिनो आम्ले पेशींत नेण्यासाठी इन्सुलिन हवे, परंतु सोबत साखर आलेली नसल्याने एकट्या इन्सुलिनने रक्तातील साखर खाली ओढली असती. ग्लुकॅगॉन ती सावरून धरते. अल्फा पेशीला आवर घालण्याचे बरेचसे काम शेजारच्या बीटा पेशीचे इन्सुलिन आणि डेल्टा पेशीचे सोमॅटोस्टॅटिन करतात. टाइप २ मधुमेहात बीटा पेशी दुबळी होते आणि अल्फा पेशी तिला जुमानत नाही. जेवणानंतर ग्लुकॅगॉन घटायला हवे तेव्हा ते तसेच राहते, कधी वाढतेही. अमेरिकी संशोधक रॉजर अंगर यांनी १९७० च्या दशकात हे ठामपणे मांडले की मधुमेह हा एका संप्रेरकाचा नव्हे, दोन संप्रेरकांचा आजार आहे. त्यांच्या मांडणीतील काही टोकाच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत, पण मूळ मुद्दा मला माझ्या व्यवसायात रोज पटतो.

आता आपली रात्र पुन्हा पाहू. आपल्या यकृताला इन्सुलिनची आज्ञा पूर्वीइतकी ऐकू येत नाही, बहुधा त्यात थोडी चरबी साठलेली असावी. ग्लुकॅगॉनची आज्ञा मात्र नीट, कदाचित गरजेपेक्षा मोठ्याने, पोहोचते. पोटाभोवतीच्या चरबीवरचाही इन्सुलिनचा ताबा सुटलेला असल्याने रात्री रक्तात मेदाम्ले आणि ग्लिसरॉल जास्त उतरतात. त्यांतून यकृताला नवे ग्लुकोज करण्यासाठी कच्चा माल आणि ऊर्जा दोन्ही मिळतात. मध्यरात्रीनंतर वाढसंप्रेरक आणि पहाटे कॉर्टिसॉल चढते, ही दोन्ही इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने काम करतात. निरोगी बीटा पेशी पहाटे थोडे इन्सुलिन वाढवून ही चढण सहज पेलते. आपल्या बीटा पेशींना तेवढे वाढवता येत नाही, आणि तीन ग्रॅमची ती चूक घडते. रात्रीची भाकरी या कथेत जवळजवळ कुठेच नाही.

आतड्याचेही यात एक अंग आहे. तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिले तर इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवते, कारण अन्न पोहोचताच आतडे जीआयपी आणि जीएलपी-१ ही संप्रेरके सोडून बीटा पेशींना आगाऊ सूचना देते. जीएलपी-१ ग्लुकॅगॉनही दाबते आणि हे दोन्ही परिणाम साखर वाढलेली असतानाच ठळक असतात, म्हणून त्याच्यामुळे साखर फार खाली जाण्याची भीती कमी. शरीरात ते दोन-तीन मिनिटांत नष्ट होते. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या त्याला नष्ट करणारे विकर रोखतात आणि सेमाग्लुटाइडसारखी औषधे त्याची दीर्घकाळ टिकणारी प्रतिकृती आहेत.

साखर उतरताना काय होते हेही समजून घ्यावे, कारण उपचारातील खरा धोका तिथे असतो. साखर ८० च्या जवळ आली की बीटा पेशी इन्सुलिन कमी करतात. ७० च्या खाली जाऊ लागली की ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनलिन सुटते, आणि ५५ च्या सुमारास घाम, थरथर, धडधड, भूक जाणवते. टाइप १ मधुमेहात बीटा पेशी नष्ट झाल्यावर काही वर्षांत अल्फा पेशीही साखर घसरल्याची दखल घेईनाशा होतात, बहुधा शेजारच्या बीटा पेशींकडून मिळणारा इशाराच उरलेला नसल्यामुळे. केरळात आणि भारताच्या इतर भागांत स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह झालेले रुग्ण आढळतात. त्यांच्यात सगळे स्वादुपिंडच झिजत जाते, इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉनही घटते. म्हणून साखर खूप असूनही त्यांच्यात कीटोनचा, म्हणजे चरबी जळून रक्तात साचणाऱ्या आम्लांचा, धोका तुलनेने कमी दिसतो, मात्र इन्सुलिन थोडे जास्त झाले तर सावरणारे कोणी उरत नाही. अशा रुग्णाला इन्सुलिन देताना मी नेहमीच अधिक सावध असतो.

"मी जाड नाही, मग मला का?" हा प्रश्न महाराष्ट्रातील रुग्ण हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या शरीरात चरबी यकृताभोवती आणि पोटात दडलेली असेल आणि बीटा पेशींची शिल्लक मुळातच बेताची असेल, तर वजनाचा काटा काही सांगत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दाखवले, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

बीटा पेशी एकदा थकल्या की परत येत नाहीत, असे पूर्वी आम्हाला शिकवले जाई. न्यूकॅसल येथील रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये काही टाइप २ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला केवळ ६०० उष्मांकांच्या आसपास आहार दिला. पहिल्या आठवड्यातच यकृतातील चरबी सुमारे तीस टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. स्वादुपिंडातील चरबी उतरून इन्सुलिनची हरवलेली पहिली लाट परतायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. आधी यकृत, मग स्वादुपिंड, हा क्रम मला फार बोलका वाटतो. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असेही दिसले की हा लाभ मधुमेह जितका नवा तितका अधिक मिळतो. आपला आजार तीन वर्षांचा आहे, म्हणजे संधी अजून हातात आहे. असा कठोर आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असताना तर मुळीच नाही. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार-पाच किलो वजन उतरवणे आपल्या सकाळच्या आकड्यासाठी रात्रीची भाकरी सोडण्यापेक्षा खूप जास्त उपयोगाचे आहे. जेवणानंतर वीस मिनिटे चालल्याने स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर उचलतात, तेही जमवावे.

तपासण्यांबाबत एवढेच सुचवीन. सलग तीन-चार दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजून लिहून ठेवा. तीनपर्यंत आकडा स्थिर राहून नंतर चढत असेल, तर पहाटेच्या संप्रेरकांचा वाटा मोठा आहे. झोपल्यापासूनच सावकाश चढत असेल, तर यकृतावरचा ताबा रात्रभर सैल आहे; तेव्हा मेटफॉर्मिनची मात्रा किंवा वेळ बदलावी, दुसरी गोळी जोडावी, की रात्रीचे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन लागेल, हे आपले डॉक्टर एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि मूत्रपिंडाची तपासणी पाहून ठरवतील. इन्सुलिन तयार होताना त्याच्याबरोबर तेवढ्याच संख्येने सी-पेप्टाइड सुटते आणि ते यकृतात फारसे नष्ट होत नाही, म्हणून आपल्या बीटा पेशींची शिल्लक अजमावायची असेल तर इन्सुलिनऐवजी सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्यावी, आणि त्याच नमुन्यात ग्लुकोजही मोजायला सांगावे. साखर किती असताना तो आकडा आला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.